मॉन्टेसरीचा सेट घ्यावा की कोपरे मांडावेत?

नवीन बालवाडी काढणाऱ्या एका ताईंना हा प्रश्न पडलाय. सेट म्हणजे मॉन्टेसरी पद्धतीचं ठरलेल्या क्रमाने वापरायचं साहित्य, कोपरे म्हणजे खोलीत वेगवेगळ्या खेळांसाठी मांडलेल्या जागा. दोन्हीकडे मूल स्वतः काम निवडतं, त्यामुळे ब्रोशरमधलं सगळं बाजूला ठेवून बघू.

खर्च बघितला तर सेट महागच. लाकडी असल्याने वर्षानुवर्षं टिकतो, पण त्यातल्या गुलाबी मनोऱ्यात एकावर एक रचायचे, १ ते १० सेंमी बाजूचे १० घन असतात, त्यातला एक हरवला तरी क्रम मोडतो. कोपऱ्यांना चिंचोके, शिंपले, करवंट्या, जुने डबे चालतात, हरवलं की परत गोळा करा. (तीन वर्षांच्या आतल्या मुलांना चिंचोके देऊ नका, नाकात घालतात.) बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं ते अशाच परिसरातल्या साहित्यावर.

खरा फरक नियोजनात आहे. सेटमध्ये कुणाला काय दाखवून झालं याची नोंद ठेवायची, चूक मुलाला साहित्यातूनच कळते, पण ताईचं ट्रेनिंग नीट झालेलं हवं. कोपऱ्यात रोज बघावं लागतं, म्हणजे आज मुलांनी चिंचोक्यांचं दुकान मांडलं तर उद्या तिथे तराजू आणि कोरे कागद ठेवायचे, मग कुणी भाव लिहितं कुणी भांडतं, आणि गप्पा तर भरपूर होतात, मला हे फार मोलाचं वाटतं.

ट्रेनिंग झालेल्या ताई, मोजकी मुलं आणि शांत खोली असेल तर सेट घ्या. बजेट कमी, मुलं जास्त, घरची भाषा वेगळी असेल तर कोपरेच, फक्त रोज संध्याकाळी नोंदीला थोडा वेळ काढायची तयारी हवी.