मिरकरवाड्यातल्या मांजरांचं नसबंदीचं ऑपरेशन: चार तारे

आमच्या मिरकरवाड्यात, म्हणजे रत्नागिरीच्या मासळी बंदरावर, मांजरांना मासळीची ददात नाही, त्यामुळे पिल्लांचीही नाही. मांजराचा गाभणकाळ जेमतेम दोन महिन्यांचा. मागच्या पडवीतल्या भाटीनं (मांजरीनं) वर्षात तीनदा पिल्लं घातली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गोणीत भरून लांब सोडून ये." सोडून काय होतं? खाणं आहे तिथे दुसरी येतातच.

म्हणून शहरातल्या एका खासगी जनावरांच्या दवाखान्यात चार भाट्या आणि दोन बोके नेले. पिंजरा तेच भाड्यानं देतात. सुक्या बांगड्याला एकीनंही तोंड लावलं नाही. ताजी तारली ठेवली, दहा मिनिटांत खटका पडला. वर जुनी चादर टाकायची, मांजर शांत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आदल्या रात्रीपासून खाणं नको. काकूंनी 'बिचारी' म्हणून एकीला सुरमईचा तुकडा सरकवला, तिची तारीख पुढे गेली.

टाके आतले, विरघळणारे. भुलीतच डाव्या कानाचं टोक छाटतात, म्हणजे तेच मांजर कुणी पुन्हा धरून आणत नाही. बोके दुसऱ्या दिवशी सोडले, भाट्या तीन दिवसांनी.

तारा कापला तो फोनसाठी, कधीच उचलत नाहीत. भाड्याचे दोन दिवसही जास्त लावले होते. दाखवल्यावर निमूट कमी केले. महिनाभरात बोक्यांची रात्रीची भांडणं थांबली, भिंतीवरचा तो वासही गेला.

उरली एक काळी. ती पिंजऱ्याच्या जाळीतून, बाहेर बसूनच, तारली ओढून नेते.