हेडटॉर्च भेट देणार असाल तर दुकानात जाताना सी-टू-सी केबल खिशात ठेवा (पावसाळा काढून झाल्यावरचा अनुभव)

ट्रेक करणाऱ्या माणसाला काय द्यायचं, हा प्रश्न पडला की हात आपोआप हेडटॉर्चकडे जातो. बुटांना माप लागतं, सॅक पाठीला बसावी लागते, जॅकेटचा रंग पसंत पडावा लागतो. हेडटॉर्चचं तसं काही नाही. म्हणून वाढदिवस असो, भाऊबीज असो की ऑफिसातला निरोप समारंभ, हीच येते. ही सुद्धा भेटच आलेली. पावसाच्या तोंडावर आली, आता थंडी सरत आलीय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खाली जी खोड सांगतोय ती या किमतीतल्या कुठल्याही टॉर्चमध्ये निघू शकते.

डब्यावरचे आकडे नेहमीचेच: ३५० ल्युमेन (हे उजेडाचं माप), आत बसवलेली १२०० एमएएचची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम बॅटरी, लाल दिवा, हात हलवून चालू-बंद करायचा सेन्सर, आयपीएक्स ४ आणि टाइप-सी चार्जिंग. या शेवटच्या दोन शब्दांनी माझं डोकं उठवलंय.

तोंड टाइप-सीचं आहे, पण सी-टू-सी केबल, म्हणजे दोन्ही टोकांना सीचीच पिन असलेली, लावली तर टॉर्च चार्जच होत नाही. चार्जिंगचा दिवा लागत नाही, काही नाही. तीच टॉर्च डब्यातल्या वीतभर केबलनं जुन्या चपट्या यूएसबी-ए चार्जरला लावा, लगेच भरायला लागते. केबल खराब नाही, चार्जर खराब नाही, टॉर्चही तशी खराब नाही. तिच्यात दोन रेझिस्टर (वीज अडवणारे बारीक सुटे भाग) बसवलेले नाहीत, एवढंच.

भानगड अशी आहे. जुन्या ए-तोंडात पाच व्होल्ट कायम हजर असतात. काहीही लावा, वीज मिळते. टाइप-सी चार्जर मात्र समोर वीज घेणारं कुणी आहे का ते आधी बघतो. त्यासाठी टाइप-सीच्या तोंडात सीसी-१ आणि सीसी-२ अशा दोन पिना असतात, आणि वीज घेणाऱ्या वस्तूत या प्रत्येक पिनेपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूपर्यंत, ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर असावा लागतो. चार्जरला तो दिसला की वीज सुटते. नाही दिसला तर चार्जर ढिम्म. असे रेझिस्टर घाऊक भावात काही पैशांना पडतात, आणि नेमके तेच वाचवलेत! एकच रेझिस्टर दोन्ही पिनांना मिळून लावायची काटकसरही चालत नाही. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या नावाजलेल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डात तसं केलं होतं, तर आत चिप असलेल्या महागड्या केबलींवर तो चालू होईना. त्यांनी पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं. टॉर्चवाल्यांना तो धडा अजून पोचलेला दिसत नाही.

घरात हे कधी कळत नाही, कारण घरात कुठेतरी जुना चार्जर असतोच. कळतं ते हरिश्चंद्रगडावर दुसऱ्या मुक्कामाला. सॅकमध्ये पॉवरबँक असते आणि मोबाईलची केबल असते, पण ती सी-टू-सी. आयफोन १५पासून डब्यात तीच येते, बऱ्याच अँड्रॉइड फोनबरोबरही तीच. पॉवरबँकला ए-तोंड असून उपयोग नसतो, कारण त्यात घालायला केबल नसते. आणि डब्यातली वीतभर केबल घरी ड्रॉवरमध्ये.

यावर उपाय आहे, फुकटातला आहे. घरात पेनड्राइव्हसाठी घेतलेला ओटीजी तुकडा पडलेला असतो ना, एका बाजूला सीची पिन आणि दुसरीकडे ए-तोंड असलेला, तो थेट सी-चार्जरमध्ये खोचायचा आणि त्याच्या ए-तोंडात वीतभर केबल लावायची. त्या तुकड्यात तो ५.१ किलोओहमचा रेझिस्टर आधीच बसवलेला असतो, त्यामुळे चार्जर फसतो आणि वीज देतो. तुकडा आणि केबल एका रबरबँडनं बांधून टॉर्चच्याच पिशवीत ठेवा. टॉर्च आधीच कुणाला देऊन बसला असाल तर हा तुकडाही नेऊन द्या.

आता उजेड. ३५० ल्युमेन आणि आठ तास असं डब्यावर शेजारी शेजारी छापलंय. गणित मांडा. १२०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे साधारण ४.४ वॅट-तास. सर्किटमधली गळती धरून एका वॅटला शंभर ल्युमेन पकडले तर हातात ४४० ल्युमेन-तास. म्हणजे ३५० ल्युमेन जेमतेम सव्वा तास. मग आठ तास आले कुठून? टॉर्चच्या मोजणीच्या प्रचलित नियमात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात, म्हणजे ३५च ल्युमेन उरले तरी घड्याळ चालूच. ४४० भागिले आठ केलं की सरासरी ५५ येते, आणि प्रत्यक्षातही तसंच दिसतं: पहिली काही मिनिटं झगझगाट, मग टॉर्चचं डोकं तापतं आणि सर्किट उजेड उतरवतं. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, आणि तक्रारही नाही. मळलेल्या पायवाटेला ५० ते १०० ल्युमेन भरपूर होतात, गुहेत भाजी चिरायला पाच-दहा. दोनशेच्या वर लागतात ते वाट चुकल्यावर समोरच्या उतारावर वाटेची खूण म्हणून रचलेली दगडांची रास शोधताना, तेही मिनिटभर. भेट घेताना जास्त ल्युमेनला जास्त पैसे मोजू नका. त्या पैशात बॅटरी मोठी मिळत असेल तर बघा.

धुक्याचं मात्र कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढग उतरला की कपाळावरची टॉर्च जितकी प्रखर तितकं कमी दिसतं, कारण उजेडाचा झोत आणि डोळे जवळजवळ एकाच रेषेत असतात आणि धुक्याचे थेंब सगळा उजेड परत डोळ्यांवर फेकतात. टॉर्च काढून हातात घ्यायची, कमरेच्या खाली धरायची आणि सगळ्यात मंद मोडवर ठेवायची. दगडांच्या सावल्या दिसायला लागतात आणि पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. या टॉर्चचं डोकं पट्ट्यातून सुटतं, म्हणून हे नीट जमतं. डोकं पट्ट्याला शिवून टाकलेले काही प्रकार मिळतात, ते घेऊ नका.

सेन्सरबद्दल माझं मत पार उलटलं. सुरुवातीला तो आवडला होता. हात पिठात असताना कपाळासमोरून मनगट फिरवलं की दिवा लागतो. पण कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर पहाटेच्या अंधारात वरचा कठडा धरायला हात उचलला की तोच हात सेन्सरसमोरून जातो आणि दिवा गुल. मागचा माणूस उजेड धरेपर्यंत पायरीवर थांबून राहायचं. रॉकपॅचवर, म्हणजे हातापायांनी चढायच्या कातळावर, तर हा प्रकार नकोच. बाजूचं छोटं बटण दोनेक सेकंद दाबून धरलं की सेन्सर बंद होतो, पण टॉर्च बंद करून पुन्हा लावली की साहेब परत हजर. सेन्सर नसलेला स्वस्त प्रकार मिळाला तर तो घ्या.

लाल दिव्याचंही तसंच, चांगली सोय वाईट जागी. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडानं क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मंद लाल उजेडात ते बऱ्यापैकी टिकतात. आकाशदर्शनाला, तंबूत इतरांची झोप न मोडता काही शोधायला लाल उत्तम. पण इथे लालपर्यंत पोचायला आधी पांढरा प्रखर, मग पांढरा मंद, मग लाल, म्हणजे जे वाचवायचं तेच आधी घालवायचं! मेअखेर-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे बघायला जाणाऱ्याला ही भेट देत असाल तर लालला वेगळं बटण आहे का ते बघाच. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण असते, त्यात मधूनच ३५० ल्युमेनचा फवारा मारला की ती खूण बुडते. तिथे लाल दिवासुद्धा फक्त पायाखाली, आणि थांबल्यावर तोही बंद.

पाण्याचं बोलायचं तर आयपीएक्स ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी चालतं, बुडवलेलं चालत नाही. सह्याद्रीतल्या पावसाला एवढं पुरतं, पण चार्जिंगच्या तोंडावरची रबरी जीभ नीट बसली तरच. नखाएवढी ती जीभ एका बारीक दांडीवर लटकलेली असते. दाबून बसवली की कोपरा हळूच वर येतो, आणि तिथून घाम, पाऊस, सॅकमधली माती आत जाते. ओल्या तोंडात पिन घालून वीज सोडली की पिनांवर हिरवट थर धरतो आणि पुढे चार्जिंग कधी होतं, कधी नाही. घरी आल्यावर तोंड खाली करून झटकायची, जीभ उघडी ठेवून रात्रभर पंख्याखाली ठेवायची, मगच चार्ज करायची. जीभ कडक झाली असेल तर सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्यानं फुगतात.

सॅकमध्ये आपोआप चालू होण्याचा त्रास या टॉर्चला आहे, कारण बटण उठावदार आहे आणि लॉक नाही. बॅटरी काढता येत असती तर सेल उलटा घालून किंवा मध्ये कागदाची पट्टी सरकवून काम भागलं असतं. इथे बॅटरी चिकटवलेली, त्यामुळे टॉर्च जाड मोज्यात किंवा छोट्या डब्यात, बटण आतल्या बाजूला करून ठेवावी लागते.

अपडेट: वरचं सगळं लिहून ठेवल्यावर कंपनीकडून बदली पीस आला. हकीकत थोडक्यात. पहिल्यांदा पाठवली तेव्हा ‘टेस्टेड ओके’ अशी चिठ्ठी लावून परत आली, कारण त्यांनी ए-चार्जरवर तपासली होती. दुसऱ्यांदा पाठवताना डब्यावर मार्करनं ‘सी-टू-सी केबलवर तपासा’ असं लिहिलं. त्यात भेटवस्तूचा खास ताप वेगळाच: बिल देणाऱ्याच्या नावावर, ऑर्डर त्याच्या खात्यावर, त्यामुळे तक्रारीचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर. ज्यानं प्रेमानं भेट दिली त्यालाच सारखा फोन करून सहा आकडे विचारायचे. पाठवायचं कुरिअर दोन्ही वेळा स्वखर्चानं.

पण बदली पीस सी-टू-सीवर भरतो. पॉवरबँकवर, लॅपटॉपच्या चार्जरवर, पिन उलटसुलट करून, सगळीकडे. जीभही जाड आहे आणि दाबल्यावर टक आवाज करून बसते. म्हणजे कंपनीनं गुपचूप बोर्ड बदललाय. डबा तोच, मॉडेल नंबर तोच, छापील किंमत तीच, आणि बाहेरून ओळखायची काही खूण नाही. त्यामुळे आधी ‘घेऊ नका’ असं लिहिलं होतं ते खोडलंय. आता म्हणणं असं की दुकानात घ्या, सी-टू-सी केबल आणि सी-चार्जर सोबत न्या आणि काउंटरवरच लावून बघा. चार्जिंगचा दिवा लागला तर पॅक करा. ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत संपायच्या आत डबा उघडून तपासा. भेट महिनाभर आधी घेऊन कागदात गुंडाळून ठेवण्याची आपली पद्धत असते, आणि वाढदिवस उजाडेपर्यंत मुदत गेलेली असते. बिलाची प्रत डब्यातच टाका. किंमत दिसेल म्हणून लाजू नका, वॉरंटी तिच्यावरच चालते.

बजेट थोडं जास्त असेल तर दोन्ही प्रकारे चालणारी टॉर्च द्या. पेट्झलच्या अ‍ॅक्टिकसारख्या टॉर्चमध्ये तीन ट्रिपल-ए सेलही बसतात आणि त्याच जागी १२५० एमएएचचा कोअर नावाचा रिचार्जेबल पॅकही. पॅक संपला तर पायथ्याच्या किराणा दुकानात टीव्हीच्या रिमोटचे सेल मिळतात. त्यातले स्वस्त झिंक-कार्बन सेल प्रखर मोडवर लगेच मान टाकतात, मंद मोडवर रात्र काढतात. अल्कलाइन सेल पावसाळाभर आत विसरले तर गळतात आणि पट्टीवर पांढरा थर येतो. कानकाडीवर लिंबाचा रस घेऊन तो पुसायचा, मग कोरड्या कापडानं. टॉर्चसोबत नुसते ठेवले तरी चार्ज फारसा न उतरणारे निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल आणि चार्जर दिलात तर भेट बरीच वर्षं कामाला येईल. १८६५० या मापाच्या जाड लिथियम सेलवाली घेत असाल तर ९९०० एमएएच छापलेले सेल बघून हुरळू नका. या मापाचे चांगले सेल ३५००च्या आसपास थांबतात.

हिवाळ्यात केदारकंठ्याला वगैरे निघालेल्याला देत असाल तर एवढं सांगा: लिथियम बॅटरी शून्याच्या खाली असताना चार्ज करायची नाही, आधी स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन गरम करायची. आणि विमानात पॉवरबँक, सुटे सेल केबिन बॅगेतच.

चार्जिंग सुधारलं, जीभ सुधारली, सेन्सर आहे तसाच. पाचपैकी साडेतीन. कुरिअरच्या पैशांचा मेल तीनदा केलाय. उत्तर आलं, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ पैसे अजून आलेले नाहीत.