इन्का वाटा: पायी जायचं की एमटीबी घ्यायची?

पेरूतल्या कुस्कोची तिकिटं काढलीत, आठ-दहा दिवस हातात आहेत आणि इन्कांच्या जुन्या वाटांवर ट्रेक करू की माउंटन बायकिंग (एमटीबी) यावर ग्रुपमध्ये वाद चाललाय, असं असेल तर वाचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. माचूपिचूला जाणाऱ्या क्लासिक इन्का ट्रेलवर सायकल नेताच येत नाही, त्यामुळे तोच डोक्यात असेल तर विषय संपला, चालायचं. साधारण 42 किलोमीटर, चार दिवस, आणि दिवसाला 500 लोकांनाच परमिट, त्यातही गाइड, पोर्टर, स्वयंपाकी सगळे धरलेले, म्हणजे आपल्यासारख्यांच्या वाट्याला निम्म्यापेक्षा कमी जागा. एजन्सीशिवाय सोडत नाहीत, परमिट पासपोर्ट नंबरवर निघतं आणि ऐनवेळी मित्राच्या नावावर करून देता येत नाही. फेब्रुवारीत ट्रेल पूर्ण बंद. कोरडा सीझन मे ते सप्टेंबर, पण त्यासाठी कित्येक महिने आधी हालचाल करायला लागते.

पण इन्का वाटा म्हणजे तेवढंच नाही ना. कापाक न्यान हे इन्कांचं पूर्ण रस्त्यांचं जाळं सहा देशांत मिळून 30,000 किलोमीटरच्या आसपास आहे, 2014 ला युनेस्कोच्या यादीत आलं, आणि त्याच्या फाट्यांवर गावकरी आजही लामा (तिथलं ओझं वाहणारं, उंटाच्या जातीतलं जनावर) घेऊन ये-जा करतात. आणि इथेच खरी मेख आहे, इन्कांकडे चाकाची गाडी नव्हती, घोडे स्पॅनिश लोकांनी आणले, म्हणजे ही वाट बांधली ती माणसाच्या आणि लामाच्या पायांसाठी. चढ खडा आला की वळण घेत बसायचं नाही, सरळ दगडी पायऱ्या टाकायच्या. एक पायरी वीतभर, पुढची थेट गुडघ्याएवढी, दगडाची कड झिजून गोल झालेली आणि सावलीत वर शेवाळ. चालताना याची मजा येते, पाय आपोआप जागा शोधतात, पण सायकलवर तीच पायरी पुढच्या चाकाला अडते आणि तुम्ही हँडलवरून पुढे. म्हणून "मी पुण्यात रोज सायकल चालवतो" हे इथे फार कामाचं नाही, सिंगलट्रॅकवर, म्हणजे जेमतेम एक सायकल मावेल अशा खडबडीत पायवाटेवर, उतरायची सवय आहे का ते बघा.

सवय असेल तर मात्र आब्रा मालागा सोडू नका. 4,316 मीटरची खिंड, व्हॅन वर नेऊन सोडते आणि जुन्या वाटांनी ओयांतायताम्बो गावापर्यंत उतरायचं, जवळपास 1,500 मीटरचा ड्रॉप. वर थंडी आणि पिवळं गवत, खाली मक्याची शेतं, आणि हे सगळं एका दिवसात बघायला मिळतं जे पायी बघायला दोन दिवस जातील. दम कमी लागतो पण हाताची वाट लागते, ब्रेक दाबून दाबून बोटं आखडतात. फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना शॉक ॲब्सॉर्बर असलेली सायकल), फुल फेस हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड मिळत नसतील तर तिथून निघून या, आणि व्हॅनमध्ये चढायच्या आधी ब्रेक पॅड स्वतः बघा.

नवशिक्यांसाठी मोराय ते मारास बरं आहे. पठारावरची मातीची वाट, मोरायची गोल गोल उतरती शेतं, मग मिठागरांच्या बाजूने उरुबाम्बा नदीकडे, शेवटचा उतार सोडला तर आरामात. इन्का जंगल नावाचं पॅकेज पण सगळे विकतात, त्यात सायकल आहे पण ती डांबरी रस्त्यावर ट्रकच्या शेजारून खाली सोडायची, त्याला मी माउंटन बायकिंग म्हणणार नाही.

आता उंची, आणि इथे दोन्हीवाले सारखेच फसतात. कुस्को 3,400 मीटरवर, म्हणजे जवळजवळ लेह. आपलं कळसूबाई 1,646, त्यामुळे सह्याद्रीत कितीही गड केले असले तरी त्याचा इथे फुफ्फुसांना उपयोग शून्य, पायांना आहे. विमानातून उतरलात की पहिल्या दोन रात्री कुस्कोऐवजी खाली ओयांतायताम्बोकडे काढा, ते 2,800 वर आहे. कोकाचा चहा सगळीकडे देतात, प्या, पण डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना आधी विचारा. ट्रेकवाल्यांना दुसऱ्या दिवशी साधारण 3,000 वरून 4,215 च्या वार्मीवान्युस्का खिंडीवर स्वतःच्या पायांनी चढायचंय आणि रात्र पण उंचावर काढायचीय. सायकलवाला व्हॅनने झटकन त्याच्याही वर जातो, डोकं दुखतं, पण लगेच खाली येतो. एका अर्थी सायकल सोपी, फक्त चक्कर येत असताना उतारावर निघू नका, प्लीज.

माझं विचाराल तर पहिल्यांदाच जात असाल तर चाला. विन्याय वायनासारखी (इन्का ट्रेलवरचे जुने इन्का अवशेष) जागा सायकलवरून दिसलीच नसती, नजर पुढच्या तीन दगडांवर असते. परमिट नाही मिळालं तर लारेस बाजूचा ट्रेक करा, गर्दी कमी, विणकरांची गावं, गरम पाण्याचे झरे, आणि इन्का ट्रेलसारखी परमिटची भानगड नाही. त्याला जोडून मोराय-मारासचा एक दिवस सायकलवर. उलट तुम्ही एमटीबीवालेच असाल आणि गुडघे कुरकुरत असतील तर चार दिवस पायऱ्या उतरून त्यांचं वाटोळं करण्यात अर्थ नाही, सरळ आब्रा मालागा.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, क्विनोआ, बटाटे, मका भरपूर मिळतं पण सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स नीट वाचा, बऱ्याच पॉलिसीत 4,000 मीटरच्या वरचं काही आणि डाउनहिल सायकलिंग दोन्ही वगळलेलं असतं, ते ॲड-ऑन घेतल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.