रेनोड: बोर्ड हाताशी नसताना संपर्कातील दोष शोधण्याचे साधन

पुण्याजवळील भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ऊर्जामापक, डेटा लॉगर किंवा पंपांचे नियंत्रक बनवणाऱ्या लहान उद्योगांत फर्मवेअर, म्हणजे उपकरणात भरलेला प्रोग्राम, लिहिणाऱ्यांची एक अडचण सर्वत्र सारखीच आढळते. नव्या बोर्डाचे तयार नमुने मोजके असतात आणि त्यांवर काम करण्यासाठी थांबलेली माणसे अधिक असतात. त्यातही ज्या दोषांवर सर्वाधिक वेळ खर्ची पडतो, ते बहुधा हिशेबाचे किंवा तर्काचे नसून प्रोसेसर आणि त्याला जोडलेला सेन्सर, घड्याळाची चिप, मेमरी किंवा शेजारचा दुसरा बोर्ड यांच्यातील देवाणघेवाणीचे असतात. असे दोष शोधण्यासाठी मी रेनोड हे मुक्त सॉफ्टवेअर बराच काळ नियमितपणे वापरत आहे, आणि हे परीक्षण त्या एका उपयोगापुरतेच मर्यादित आहे.

रेनोड हे पोलंडमधील अँटमायक्रो या कंपनीने विकसित केलेले एम्युलेटर (संगणकावरच बोर्डाचे वागणे उभे करणारे सॉफ्टवेअर) असून ते एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळते आणि लिनक्स, विंडोज व मॅकओएस या तिन्हींवर चालते. प्रत्यक्ष बोर्डावर भरायची तीच फर्मवेअरची फाइल ते जशीच्या तशी चालवते. प्रोसेसर, त्याची मेमरी, यूआर्ट, आयटूसी, एसपीआय (हे तिन्ही डेटाच्या देवाणघेवाणीचे मार्ग), टायमर असे सर्व भाग कोणत्या पत्त्यावर आहेत आणि त्यांचे इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) कुठे जोडलेले आहेत, हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून द्यावे लागते. क्यूईएमयू हे याच क्षेत्रातील जुने आणि अतिशय भक्कम साधन आहे. फाब्रिस बेलार यांनी ते २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले, आणि लिनक्स चालवणाऱ्या मोठ्या प्रोसेसरांसाठी मी आजही त्याचीच शिफारस करीन. परंतु मायक्रोकंट्रोलरभोवती स्वतः रचलेल्या बोर्डासाठी क्यूईएमयूमध्ये सी भाषेतील कोड लिहून संपूर्ण सॉफ्टवेअर पुन्हा बांधावे लागते, तर रेनोडमध्ये मजकुराच्या फाइलीत दोन ओळी वाढवल्या की आयटूसीवर आणखी एक चिप बसते. छोट्या चमूसाठी हा फरक निर्णायक ठरतो.

दोष शोधण्याच्या दृष्टीने रेनोडचे खरे बळ त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, आहे. एखाद्या पेरिफेरलवर (प्रोसेसरला जोडलेल्या भागावर) लॉग सुरू करण्याची आज्ञा दिली की फर्मवेअरने त्याचे कोणते रजिस्टर (आतील मेमरीचा छोटा कप्पा) वाचले किंवा लिहिले, कोणती किंमत आली अथवा गेली, आणि त्या क्षणी प्रोसेसर कोडमधील कोणत्या पत्त्यावर होता, हे सर्व ओळीने दिसू लागते. लॉजिक ॲनालायझर तारेवर काय गेले ते दाखवतो. ते कोडमधील कोणत्या ओळीने पाठवले, हे तो सांगू शकत नाही. रेनोडमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत मिळतात. ज्या पत्त्यावर काहीच बसवलेले नाही तेथे फर्मवेअरने वाचन केले तर स्पष्ट इशारा येतो, आणि अपुऱ्या वर्णनामुळे अडकलेले फर्मवेअर नेमके कशाची वाट पाहत आहे, हे त्या इशाऱ्यांवरूनच बहुतेक वेळा कळते.

मात्र एम्युलेटरमध्ये संपर्क बिघडलेला दिसला की पहिला प्रश्न फर्मवेअरविषयीचा नसतो, तर दोष फर्मवेअरमध्ये आहे की एम्युलेटरमधील उपकरणाच्या मॉडेलमध्ये, हा असतो. रेनोडमधील प्रत्येक चिप म्हणजे कोणीतरी डेटाशीट (निर्मात्याचे तांत्रिक माहितीपत्रक) वाचून लिहिलेला प्रोग्राम होय, आणि त्या वाचनात जे राहून गेले ते मॉडेलमध्येही राहून जाते. या दृष्टीने आमच्या चमूत तयार झालेल्या डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपच्या मॉडेलचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे.

या चिपचा आयटूसीवरील पत्ता ०x६८ आहे (०x म्हणजे संख्या १६ च्या पायात लिहिलेली). सेकंदांचे रजिस्टर ०x०० वर, आणि चिपच्या आतील तापमानाचा पूर्णांक ०x११ वर असतो. एम्युलेटरमध्ये फर्मवेअरने तापमान विचारले की उत्तर येत असे, त्रुटीचा कोणताही संकेत मिळत नसे, परंतु मिळालेले तापमान दर सेकंदाला एका अंशाने वाढत जाई, ९ नंतर एकदम १६ वर उडी घेई, २५ नंतर ३२ वर जाई, आणि ८९ पर्यंत पोहोचले की पुन्हा शून्यावर येई. या आकड्यांतच दोषाचे निदान दडलेले होते. ही चिप सेकंद बीसीडी पद्धतीने (प्रत्येक दशमान अंक स्वतंत्र चार बिटांत) साठवते, म्हणजे दहावा सेकंद रजिस्टरमध्ये ०x१० असा असतो आणि तो साधी संख्या म्हणून वाचल्यास १६ होतो. एकोणसाठावा सेकंद त्याच रीतीने ८९ दिसतो. थोडक्यात, फर्मवेअर तापमान मागत होते आणि मॉडेल त्याला सेकंद देत होते.

कारण लॉगमध्ये काही मिनिटांतच सापडले. आमचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा फर्मवेअरचा भाग) आधी रजिस्टरचा क्रमांक लिहून स्टॉप, म्हणजे देवाणघेवाण संपल्याचा संकेत, देत असे आणि नंतर नवा स्टार्ट देऊन वाचन करत असे. प्रत्यक्ष चिपमध्ये स्टॉप आल्यानंतरही रजिस्टरचा निर्देशक (पुढे कोणते रजिस्टर वाचायचे याची नोंद) आपल्या जागी टिकून राहतो. रेनोडमध्ये आयटूसी उपकरणाच्या मॉडेलला लेखन, वाचन आणि देवाणघेवाण संपल्याची सूचना अशा तीन गोष्टी हाताळाव्या लागतात. आमच्या मॉडेलमध्ये ही शेवटची सूचना मिळताच निर्देशक शून्यावर नेलेला होता. तेथे केवळ ‘पुढच्या लेखनातील पहिला बाइट हा रजिस्टरचा क्रमांक समजावा’ एवढीच अवस्था मूळ स्थितीला आणणे योग्य होते. ती एक ओळ काढून टाकताच तापमान स्थिर झाले. ज्यांचे ड्रायव्हर मध्ये स्टॉप न देता पुन्हा स्टार्ट देतात त्यांना हा दोष कधी दिसलाही नसता, आणि म्हणूनच एका ड्रायव्हरवर तपासलेले मॉडेल दुसऱ्यासाठी विश्वासार्ह आहे असे मानता येत नाही.

मॉडेलमधील दुसरा नेहमीचा दोष इंटरप्टच्या ध्वजांचा, म्हणजे घटना घडल्याची खूण करणाऱ्या बिटांचा, असतो. अनेक पेरिफेरलमध्ये ध्वज पुसण्यासाठी त्या बिटवर १ लिहावा लागतो. मॉडेलमध्ये तोच बिट साधा वाचन-लेखनाचा ठेवला तर फर्मवेअरने लिहिलेला १ तसाच राहतो, इंटरप्टची रेषा खाली येत नाही, आणि प्रोसेसर त्याच इंटरप्टच्या कोडमध्ये पुन्हा पुन्हा शिरत राहतो. बाहेरून हे फर्मवेअर अडकल्यासारखेच दिसते. रेनोडमध्ये रजिस्टरचा प्रत्येक बिट कोणत्या पद्धतीचा आहे हे घोषित करण्याची चांगली सोय आहे आणि १ लिहून पुसण्याची पद्धतही तीत आहे. ती डेटाशीटसमोर ठेवून बिटागणिक पडताळावी, एवढेच सांगेन. मॉडेलमधील अशा चुकांना किरकोळ समजणे बरे नव्हे. क्यूईएमयूमधील फ्लॉपी डिस्क नियंत्रकाच्या मॉडेलात आज्ञा स्वीकारणाऱ्या बफरच्या मर्यादेची तपासणी अपुरी होती, आणि २०१५ मध्ये उघड झालेली व्हेनम ही गंभीर सुरक्षात्रुटी त्यातूनच उद्भवली होती.

दोन बोर्डांमधील संवाद हा रेनोडचा सर्वांत समृद्ध भाग आहे. मॉडबस ही मोडिकॉनने १९७९ मध्ये आणलेली, यंत्रांमधील संवादाची पद्धत पुण्याच्या परिसरातील कारखान्यांत आजही सर्वत्र दिसते, आणि मास्टर (विचारणारा) व स्लेव्ह (उत्तर देणारा) यांच्यातील बिघाड प्रत्यक्ष जोडणीवर पकडणे फार कष्टाचे असते, कारण तो कधी होतो आणि कधी होत नाही. रेनोडमध्ये दोन्ही बोर्ड एकाच एम्युलेशनमध्ये उभे करून त्यांचे यूआर्ट एका हबला जोडता येतात. दोन्ही यंत्रे एकाच आभासी घड्याळावर चालतात, त्यामुळे बाहेरून कीबोर्ड किंवा नेटवर्कचा हस्तक्षेप होऊ दिला नाही तर एकदा दिसलेला बिघाड पुढच्या वेळीही त्याच ठिकाणी दिसतो. संपूर्ण एम्युलेशन थांबवले तर दोन्हींचे टायमर थांबतात, म्हणून जीडीबी हा डीबगर (दोष शोधण्याचे साधन) घेऊन सावकाश पाहत बसले तरी दरम्यान टाइमआउट होत नाही. बिघाडाच्या जरा आधीची अवस्था फाइलीत साठवून तेथूनच पुन्हा सुरुवात करता येते. सीआरसीचा (संदेशातील चूक ओळखण्यासाठी जोडलेल्या संख्येचा) खालचा बाइट आधी पाठवायचा असताना रजिस्टरांच्या किमतींप्रमाणे वरचा आधी पाठवला जाणे, यांसारखे दोष या मांडणीत लपून राहू शकत नाहीत.

याच ठिकाणी रेनोडची मर्यादाही सुरू होते आणि ती स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. रेनोड प्रोसेसरच्या प्रत्येक घड्याळ-आवर्तनाचे अचूक अनुकरण करत नाही, तसा त्याचा दावाही नाही, आणि तेथे तारेचे विद्युत गुणधर्म अस्तित्वातच नसतात. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) ११ बिटांच्या अक्षराला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात आणि मॉडबसच्या दोन फ्रेममध्ये (संदेशांमध्ये) साडेतीन अक्षरांचे, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांचे, अंतर ठेवावे लागते. यूआर्टच्या मॉडेलने अक्षर तत्क्षणी पलीकडे पोहोचवले तर या अंतराच्या हिशेबातील चूक एम्युलेटरमध्ये उघड होणार नाही. आरएस-४८५ या जोडणीवर, जिथे पाठवून झाल्यावर ट्रान्समीटर बंद करून तारा इतरांसाठी मोकळ्या कराव्या लागतात, सर्वाधिक आढळणारा दोष तर मुळीच दिसत नाही. डेटा रजिस्टर रिकामे झाल्याचा ध्वज पाहून ट्रान्समीटर बंद केला तर प्रत्यक्ष बोर्डावर शेवटचा बाइट तुटतो, कारण तो अद्याप शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडत असतो. प्रक्षेपण पूर्ण झाल्याचा स्वतंत्र ध्वज पाहणे आवश्यक असते. मॉडेलमध्ये हे दोन्ही ध्वज एकाच वेळी उभे राहिले की चुकीचा कोडही निर्विघ्न चालतो. आयटूसीवरील पुल-अप रोधकाची चुकीची किंमत, लांब केबलवरील परावर्तन, सैल कनेक्टर, या सर्वांसाठी ऑसिलोस्कोपच लागतो, आणि पुण्यातील तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारातून नवा रोधक आणून लावून पाहण्याला कोणताही पर्याय नाही.

शिकण्याच्या बाजूने पाहता मॉडेल सी-शार्पमध्ये लिहावे लागणे ही आपल्याकडील अभियंत्यांसाठी खरी अडचण आहे, कारण एम्बेडेड क्षेत्रातील बहुतेकांचा हात सी भाषेवर बसलेला असतो. साध्या पेरिफेरलसाठी पायथनमध्येही काम भागते आणि सी-शार्पची फाइल चालू सत्रातच समाविष्ट करता येते, त्यामुळे वर सांगितलेल्या आयटूसी दोषासारखी दुरुस्ती करून लगेच तपासता आली. माहितीपुस्तिका आज्ञांच्या बाबतीत चांगली आहे, पण स्वतःचे मॉडेल लिहिण्याच्या बाबतीत त्रोटक वाटते. तेथे उपलब्ध मॉडेलांचा मूळ कोड वाचणे हाच उत्तम मार्ग आहे.

ज्यांचा बोर्ड अद्याप छपाईहून यायचा आहे, ज्यांना कारखान्याच्या गुरुवारच्या सुट्टीत घरच्या लॅपटॉपवर काम पुढे न्यायचे आहे, किंवा अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ज्या विद्यार्थ्यांच्या गटाकडे एकच बोर्ड आहे, त्यांना मी रेनोड निःसंकोच सुचवीन. सुरुवात सोबत मिळणाऱ्या तयार बोर्डाच्या वर्णनापासून करावी, त्यात आपली एकच चिप जोडावी, आणि फर्मवेअर चालवण्यापूर्वी त्या चिपच्या पेरिफेरलचा लॉग सुरू करावा. मॉडेल दुरुस्त झाले की त्याच देवाणघेवाणीची एक चाचणी रोबोट फ्रेमवर्क या स्वयंचलित चाचण्यांच्या साधनात लिहून ठेवावी; रेनोड तिला थेट आधार देते, आणि फर्मवेअरच्या प्रत्येक नव्या बांधणीवर ती बोर्डाशिवाय आपोआप चालवता येते.