लॅब चोख, काउंटर भोंगळ

ऑन्कॉलॉजिस्टनी मामांच्या कागदावर चारच तपासण्या लिहिल्या होत्या, गाठीच्या तुकड्यात कोणती प्रथिनं दिसतात ते बघणाऱ्या: हर-२, एमएमआर, पीडी-एल१ आणि क्लॉडिन १८.२. जठराचा कॅन्सर, यकृतात डाग, त्यामुळे ऑपरेशनचा विषय बाजूला पडलेला. कुठलं औषध लागू पडेल ते या चार ओळींवर ठरणार होतं. बायॉप्सी मिरजेला झाली आणि तपासणी पुण्यातल्या एका खासगी लॅबकडे दिली. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही बऱ्याच आहेत.

आधी चांगलं सांगते. हर-२ म्हणजे गाठीच्या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. त्याचा पहिला निकाल २+ आला, म्हणजे ना धड हो, ना धड नाही. अशा वेळी पुढची फिश तपासणी, म्हणजे त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती मोजणं, करावीच लागते. ती करण्याआधी लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्वतः फोन केला आणि बायॉप्सीचा दुसरा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आहे का विचारलं. जठराच्या गाठीत हर-२ सगळीकडे सारखं नसतं. एका तुकड्यात भरपूर, शेजारच्यात काहीच नाही, असं होतं. म्हणून तर एंडोस्कोपीतच सहा-आठ तुकडे घ्यावेत म्हणतात. मिरजेच्या डॉक्टरांनी ते घेतले होते. दुसऱ्या ब्लॉकवर फिश पॉझिटिव्ह आली आणि मामांना किमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-२ ला अडवणारं औषध सुरू झालं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टोगा’ चाचणीत या औषधाने मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) ११.१ महिन्यांवरून १३.८ वर गेलं होतं. आकडा लहान वाटेल. ज्याच्या घरात आजार आहे त्याला तो लहान वाटत नाही. तो एक फोन मॅडमनी केला नसता तर हे औषध हुकलंच असतं.

आता काउंटर. तिथला मुलगा ऐकेचना. “ताई, विस्तारित पॅनेलच करा. आजार पुढे कुठे पसरणार ते आधीच कळतं.” मामी शेजारी बसलेल्या, त्यांच्यासमोर नाही म्हणवेना. चार तपासण्यांच्या जवळजवळ दीडपट पैसे वर गेले.

त्या पैशांत आलं काय? ई-कॅडहेरिन, केआय-६७, व्हीईजीएफ आणि आणखी दोन-तीन प्रथिनांच्या नावांचं एक रंगीत पान, खाली लाल पट्टी: ‘प्रसाराची शक्यता जास्त’. शास्त्र खोटं नाही. ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतं. ते कमी झालं की फुगडीत हात सुटावा तशा पेशी भिरकावल्या जातात. पण ऑन्कॉलॉजिस्टनी ते पान उलटून बाजूला ठेवलं. आजार कुठे गेलाय ते सीटी स्कॅनमध्ये बघायचं, गरज पडली तर दुर्बिणीने पोटात बघून, पोट धुतलेलं पाणी तपासून. त्या पाण्यात पेशी सापडल्या तर स्टेज चारच. या पानाने मामांचं एकही औषध बदलत नव्हतं.

उलट घरात घबराट झाली. ‘ई-कॅडहेरिन काही भागांत कमी’ एवढं वाचून मामी म्हणाल्या, “अगं, मग आपल्या पोरींना पण?” १९९८ साली न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या सीडीएच१ या जनुकातला दोष सापडला, तो पिढ्यान्‌पिढ्या जठराचा कॅन्सर देतो, हे खरं. पण गाठीत प्रथिन कमी दिसणं म्हणजे तो दोष जन्मजात आहे असं नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी, आणि तीही घराण्याचा इतिहास बघून. हे काउंटरवर कोणी सांगितलं नाही. तासगावला घरी दोन रात्री कोणी झोपलं नाही.

रिपोर्टही बापड्या नातेवाइकाला कळेल असा नाही. पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला थोपवणारं प्रथिन) समोर नुसतं ‘सीपीएस ५’. ते पाच टक्के नव्हेत, त्यात गाठीच्या पेशींबरोबर आजूबाजूच्या प्रतिकार-पेशीही धरतात, एवढी एक ओळ छापायला काय जातं?

ब्लॉक न्यायला आलेला माणूस तर साधं पाकीट घेऊन आला. एप्रिलचं ऊन, आत मेणाचा ठोकळा. मी माझी डब्याची थर्मल पिशवी दिली.

तिथे जाणार असाल तर चिठ्ठीतल्याच तपासण्या सांगा आणि लेखी पावती घ्या. जुन्या कापून ठेवलेल्या स्लाइड देऊ नका, ब्लॉक द्या. कापलेल्या स्लाइडवर काही प्रथिनांचा रंग कालांतराने फिका पडतो. शंका असेल तर काउंटरला विचारू नका, पॅथॉलॉजिस्टशी बोलायचंय म्हणून हटून बसा.

पॅथॉलॉजीला साडेचार स्टार, काउंटरला एक. ब्लॉक अजून परत आलेला नाही आणि मिरजेला भरलेलं डिपॉझिट त्यापायी अडकलंय.