मूल्यशिक्षण, तारे, वर्गसभा की स्काऊट? आठवड्याची एकच तासिका हाती असेल तर

पालकसभेत दर वेळी तोच सूर लागतो: "मुलं उलट बोलतात, एकमेकांना नावं ठेवतात, शाळेने काहीतरी करायला हवं." शाळेकडे आठवड्याला जेमतेम एक तासिका मोकळी निघते आणि वर्गात पन्नास-साठ मुलं असतात. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मग साधारण पाच प्रस्ताव येतात: मूल्यशिक्षणाचा वेगळा तास, चांगल्या वागणुकीला गुण किंवा तारे, वर्गसभा, स्काऊट-गाइड आणि वर्गातली कामं, किंवा बाहेरच्या वक्त्याचं संस्कार शिबिर. कागदावर पाचही छान दिसतात, म्हणून ते एकाच प्रसंगाला लावून पाहू.

समजा, नवी मुंबईत घणसोलीतल्या एका शाळेत सहावी 'क'ची मधली सुट्टी आहे. एका मुलीने डबा उघडला. आत तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. शेजारच्या दोघांनी नाकं दाबली, तिसऱ्याने बाक ओढून लांब नेला, चौथा म्हणाला, "आलं मच्छी मार्केट." सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून ती डबा दप्तरातून बाहेरच काढत नाही. आगरी-कोळी घरांतली मुलं आणि देशभरातून आलेल्या कुटुंबांतली मुलं एकाच बाकावर बसतात अशा शहरात हा प्रसंग नवलाचा नाही.

मूल्यशिक्षणाचा तास आणि परिपाठ

हा सगळ्यात सोपा पर्याय, कारण निम्मा आधीच चालू आहे. राज्याच्या मूल्यशिक्षणात दहा मूल्यं आहेत: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि बोधकथा असतातच.

पण जरा हिशेब मांडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस भरावे लागतात. म्हणजे आठवी संपेपर्यंत, रोज परिपाठ झाला तर, मूल प्रतिज्ञेतली मान ठेवण्याची आणि सौजन्याने वागण्याची ओळ १६६० वेळा म्हणतं. ऐकवण्यात आपण कमी पडलेलो नाही.

डब्याच्या प्रसंगावर शिक्षिका संवेदनशीलतेचा धडा घेतील. "कोणाच्या जेवणाला नावं ठेवावीत का?" "नाही, टीचर!" सगळ्यात मोठा आवाज त्या चौथ्या मुलाचाच असेल, आणि तो खोटं बोलत नसेल. 'मच्छी मार्केट' ही त्याच्या लेखी गंमत होती, त्या धड्याशी तिचा संबंध आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी दहा हजारांहून अधिक मुलांच्या प्रामाणिकपणाची पाहणी करून १९२८ मध्ये निष्कर्ष मांडले. एका ठिकाणी कॉपी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागू शकतं, आणि योग्य उत्तर माहीत असणं व तसं वागणं यांचा मेळ फारच सैल असतो.

तास ठेवायचाच असेल तर भाषण काढून जोडीतलं आणि गटातलं काम ठेवा. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' हा उपक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यात याच धर्तीवर सुरू झाला. पहिली-दुसरीला गोष्ट पुरते. सहावीनंतर तीच गोष्ट मुलं शेवटासकट ओळखतात.

तारे, गुण, बक्षिसं

हे लवकर दिसतं, म्हणून संस्थाचालकांना आवडतं. नीट केलं तर रांग, वेळेवर येणं, वर्गातला गोंगाट या गोष्टी दोन-तीन आठवड्यांत सुधारू शकतात. याचं जुनं रूप १९६९ मध्ये अमेरिकेत चौथीच्या एका वर्गात वापरलं गेलं. वर्गाचे दोन संघ, मोजकेच नियम, नियम मोडला की संघाच्या नावापुढे खूण. खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही संघ जिंकू शकतात. कळीची गोष्ट तीच आहे. एकाच संघाला जिंकवलं की मुलं दुसऱ्याच्या चुका शोधत बसतात.

करायचं असेल तर तीनच नियम घ्या आणि ते दिसतील असे लिहा. 'चांगलं वागू' हा नियम होत नाही. 'घंटा झाल्यावर दोन मिनिटांत बाकावर' हा होतो. सुरुवातीला दिवसातून दहा मिनिटं, मग हळूहळू एक तासिका, आणि सहा-आठ आठवड्यांत बंद. बक्षीस वस्तूचं नको, पाच मिनिटं जास्त खेळ पुरे.

फसतं कुठे? पहिलं, तक्ता भिंतीवर लागतो, तळाला तीच चार-पाच नावं राहतात आणि त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. महिन्याभरात ती मुलं 'आपण असेच' म्हणून मोकळी होतात. दुसरं, जे मूल आपणहून करत होतं ते बक्षिसासाठी करू लागतं. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळात त्यांचं चित्र काढणं बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या निम्म्यावर आलं. म्हणून वक्तशीरपणाला तारा चालेल. खरं बोलण्याला किंवा पडलेल्याला उचलण्याला तारा देऊ नका.

आणि डबा? नाकं दाबणाऱ्यांच्या संघाचे गुण कापले, तर चेष्टा वर्गातून जिन्यावर जाईल. वर "तुझ्यामुळे आमचे गुण गेले" हेही त्या मुलीलाच ऐकावं लागेल.

वर्गसभा आणि चूक दुरुस्त करण्याची बैठक

आमचा कल इकडे आहे, पण आपल्याकडच्या वर्गात हा सगळ्यात अवघड पर्याय आहे. कारण आधी जागेचं आणि वेळेचं गणित. वर्गात ५६ मुलं असतील आणि प्रत्येकाने अर्धा मिनिट बोलायचं म्हटलं, तर २८ मिनिटं संपतात. ३५ मिनिटांच्या तासिकेत ठरवायला काही उरत नाही. गोल करून बसायला जागाही नसते.

त्यावर उपाय म्हणजे दोन वर्तुळं. चौदा मुलं पुढे सतरंजीवर गोल बसतात आणि बोलतात, बाकीची बाकांवर बसून ऐकतात. दर आठवड्याला चौदाजणांची नवी तुकडी, म्हणजे चार आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. पहिली पाच मिनिटं आभार: या आठवड्यात कोणी काय मदत केली, नावानिशी. पुढची सात मिनिटं मागच्या ठरावाचं काय झालं. पंधरा-अठरा मिनिटं एकच विषय. शेवटी ठराव एका वाक्यात सभेच्या वहीत, वर्गप्रतिनिधीच्या अक्षरात. विषय वर्गातल्या पेटीतून येतात, आणि शिक्षक चिठ्ठ्या आधी वाचून नावं गाळतात.

डब्याचा विषय सभेत 'मधल्या सुट्टीतला डबा' असा यावा. कोणी कोणाला काय म्हटलं ते तिथे निघता कामा नये. अकरा-बारा वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा नेमकं ठरवतात. उदाहरणार्थ: 'वास सहन होत नसेल तर आपण उठायचं, दुसऱ्याला उठवायचं नाही.' यात शाकाहारी मुलाचीही सोय राहते, आणि तीही हवीच.

त्या चौघांशी मात्र वेगळं बोलायचं, एकेकाशी, पाच-सात मिनिटं. प्रश्न चारच: काय झालं? त्याचा कोणाला काय त्रास झाला? त्यात तुझा वाटा कोणता? आता ते नीट करायला काय करशील आणि कधीपर्यंत? 'का केलंस' हा प्रश्न टाळा, त्याने मूल वकिली करायला लागतं. 'सॉरी म्हण' असं फर्मावलं की चारही जण सुरात सॉरी म्हणतील आणि बाहेर जाऊन हसतील. मुलीला आधी विचारायचं की तिला त्यांच्यासमोर बसायचं आहे का. ती नको म्हणाली तर नको. एकाने बाक पूर्ववत लावणं, दुसऱ्याने सुट्टीत शेजारी बसणं एवढ्यावरही काम होतं. आठवड्याने डबा उघडतोय का, हे मात्र कोणीतरी पाहायलाच हवं.

काही गोष्टी या बैठकीत आणायच्याच नाहीत. सतत चाललेली दादागिरी असेल तर दोघांना समोरासमोर बसवलं की दुबळ्यावर पुन्हा दबाव येतो. लैंगिक स्वरूपाचं काहीही असेल तर समेट हा शब्दच नको. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

सभा बिघडते ती बहुधा तीन कारणांनी: शिक्षक वीस मिनिटं बोलतात, सभेचं कोर्ट होतं, किंवा ठराव होतात आणि पुढच्या आठवड्यात कोणी विचारत नाही. पहिल्या महिन्यात तक्रारी वाढतात आणि मुख्याध्यापक घाबरून उपक्रम बंद करतात. तेव्हा तो चालू ठेवायला हवा असतो, कारण मुलांनी सांगायला नुकती सुरुवात केलेली असते.

एक इशारा. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ४४ शाळांत अशा पद्धतींची दोन वर्षं पाहणी झाली. शाळेतून निलंबनाचे दिवस घटले, शिक्षकांना वातावरण सुधारलेलं वाटलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली कामगिरी घसरली. म्हणून गणित-विज्ञानाची तासिका यासाठी कापू नका. शनिवारची किंवा कार्यानुभवाची घ्या.

स्काऊट-गाइड आणि वर्गातली कामं

स्काऊट-गाइडची रचना उत्तम आहे: सहा ते आठ मुलांचा संघ, त्यातलाच संघनायक, साधारण ३२ जणांचं पथक, आणि प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत चढती पायरी. मूल दुसऱ्यावर अवलंबून राहतं आणि दुसरं त्याच्यावर, तेही खऱ्या कामात. अडचण संख्येची आहे. चारशे मुलांच्या शाळेत एक पथक म्हणजे ३२ मुलं, आणि निवडताना शिक्षक आधीच शहाणी असलेली घेतात. ज्यांना गरज आहे ती मैदानाच्या कडेला उभी राहतात. गणवेशाचा खर्चही पालकांवर येतो. प्रशिक्षित शिक्षक बदलून गेले की पथक मोडतं.

वर्गातली कामं मात्र सर्वांना पुरतात, आणि दोन अधिवेशनांच्या शाळांत त्यांना नैसर्गिक कारणही आहे. ठाण्यात नौपाड्यापासून वागळे इस्टेटपर्यंत अशा शाळा आहेत, जिथे सकाळच्या मुलाच्या बाकावर दुपारी दुसरंच मूल बसतं. शाळा सुटण्याआधीची सात मिनिटं राखून ठेवा: फळा, बाकांखालचे कागद, पंखे-दिवे, खिडक्या, हरवलेल्या वस्तूंची पेटी, पाण्याची जागा. दहा-बारा कामं, प्रत्येकाला चार-पाच मुलांचा गट, दर दोन आठवड्यांनी बदल, गट शिक्षकांनी पाडलेले. आपल्या प्रसंगातली मुलगी आणि तो चौथा मुलगा एकाच गटात खिडक्या बंद करत असतील. परिणाम सावकाश येईल, पण येईल.

दोन पथ्यं पाळावीच लागतात. झाडू मुलींकडे आणि बाक हलवणं मुलांकडे अशी वाटणी आपोआप होते, ती मोडायची. आणि साफसफाई शिक्षा म्हणून कधीच द्यायची नाही. उशिरा आलेल्याकडून वर्ग झाडून घेतला की श्रमप्रतिष्ठेचा वर्षभराचा धडा धुऊन गेला, आणि शाळेतल्या मावशींच्या कामाला काय किंमत आहे तेही मुलांना कळलं.

संस्कार शिबिर

सभागृहात तीनशे मुलं, दोन तासांचं व्याख्यान, शेवटी आईवडिलांच्या आठवणीने रडणारी मुलं. पालक खूश होतात. आईवडिलांचे पाय धुण्याचा कार्यक्रम असेल तर वडील नसलेल्या किंवा घरी मार खाणाऱ्या मुलाचं काय होतं, हे आयोजक विचारत नाहीत. सोमवारी डबा दप्तरातच. हे पैसे वाचवा.

| पर्याय | वेळ | फरक दिसायला | योग्य वय |
|---|---|---|---|
| मूल्यशिक्षण | आठवड्याला १ तासिका | क्वचितच | पहिली ते चौथी |
| तारे-गुण | रोज १० मिनिटं | २-३ आठवडे | दुसरी ते पाचवी |
| वर्गसभा | आठवड्याला १ तासिका | एक सत्र | चौथी ते दहावी |
| वर्गातली कामं | रोज ७ मिनिटं | २-३ महिने | सर्व |
| शिबिर | २ तास, एकदाच | त्याच दिवशी, तेवढाच | — |

वर्गात साठ मुलं आणि दोन अधिवेशनं असतील तर जूनमध्ये कामांपासून सुरुवात करा, गोंगाट फार असेल तर सोबत सहा आठवडे संघांचा खेळ, आणि गणपतीच्या सुट्टीनंतर चौथीपासून पुढे वर्गसभा. पस्तीसच्या आत मुलं असतील तर वर्गसभा पहिल्या महिन्यातच. आठवी-नववीला तारे दिले तर मुलं तुमचीच चेष्टा करतील.

कोणताही पर्याय घ्या, शिक्षक-खोलीतली भाषा आधी तपासा. 'मठ्ठ', 'ए जाड्या' ही हाक वर्गात चालत असेल तर 'मच्छी मार्केट' तिथूनच शिकलेलं असतं. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मना करतं. 'मोठ्यांचं ऐकायचं' एवढंच शिकवू नका. २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्याच बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या प्रकरणानंतर तर नाहीच. नको असलेल्या स्पर्शाला मोठ्या माणसालाही नाही म्हणणं, तक्रारपेटी कुठे आहे आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन कशासाठी आहे, हे याच तासिकेत यायला हवं.

मोजमापासाठी 'संस्कारक्षमता: अ' असा शेरा नको. जूनचे दोन आठवडे तीन गोष्टी वहीत टिपा: उशिरा येणारी मुलं, सापडलेली वस्तू आणून देणारी मुलं, आणि स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्यासाठी तक्रार घेऊन येणारी मुलं. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा टिपा. तिसरा आकडा हललेला नसेल तर सभेची वही उघडून पाहा, कोणते ठराव पुन्हा विचारलेच गेले नाहीत ते तिथे सापडेल.