सेकंड हँड वॅगनआर (२०१९, व्हीएक्सआय १.०): कोकणातल्या नव्या ड्रायव्हरसाठी

धाकट्या बहिणीचं लायसन झालं आणि तिला गाडी हवी होती. नोकरी गुहागर तालुक्यात, माहेर दापोलीकडे, मधे दाभोळ-धोपावे फेरीबोट, आणि रस्ते सगळे चढउताराचे, एका बाजूला गटार नाहीतर गडगा (दगडी कुंपण). बजेट चार लाख, त्यात ट्रान्सफर, इन्शुरन्स, घेतल्यावरची कामं सगळं धरून. शेवटी घेतली २०१९ ची वॅगनआर व्हीएक्सआय, १.० पेट्रोल, मॅन्युअल, फर्स्ट ओनर, एमएच ०८ पासिंग, साडेतीन लाखाला. एक अख्खा पावसाळा काढलाय गाडीने, त्यामुळे आता खात्रीने लिहितोय.

आपल्याकडे जुनी गाडी घ्यायची तर मीटर नंतर बघा, आधी खाली वाका. व्हिडिओत सगळे किलोमीटर नि टच स्क्रीन सांगत बसतात, पण किनाऱ्यावर गाडी पळून कमी आणि उभी राहून जास्त खराब होते. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि लाल माती चाकांच्या आतल्या बाजूला चिकटली की ओल सोडत नाही. कमी पळालेली म्हणजे चांगली असं इथे मुळीच नाही. चाकरमान्यांनी गणपतीला आणि मे महिन्यात फिरवायला गावी ठेवलेली, बाकी वर्षभर पडवीशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली एक बघितली, मीटरचा आकडा बघून कोणालाही मोह व्हावा, पण ब्रेक डिस्कवर गंजाचे थर, टायरला बारीक भेगा आणि बोनेटखाली उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं.

बघायचं कसं, तर दार उघडा आणि दाराच्या अगदी खालच्या कडेला बोट फिरवा. तिथे पाणी निघून जायला छोटी भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आतच साठतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून रंग चकाचक. रंग फुगलेला लागला, अंगठ्याने दाबल्यावर पत्रा करकरला की ती गाडी सोडा. मग डिकीतलं मॅट उचला, स्टेपनी काढा, तिच्याखालचा खड्डा बघा. जेट्टीजवळची एक गाडी बाहेरून इतकी देखणी होती की बहीण तिथेच हो म्हणणार होती, पण तिच्या डिकीतून मासळीचे टब जायचे, बर्फाचं खारं पाणी खाली साचून पत्र्याला आरपार भोक पडलेलं. आणि खालून ताजं काळं अंडरकोटिंग (गंज लागू नये म्हणून मारतात तो थर) दिसलं तर अजूनच सावध व्हा. कोटिंग चांगलंच असतं, करून घ्यावंच, पण गाडी विकायला काढल्यावर मारलेलं कोटिंग बहुतेकदा गंज झाकायलाच असतं.

पुराचंही बघाच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि बुडालेली गाडी धुऊनपुसून पुन्हा विकायला येऊ शकते. म्हणून २०२१ च्या आधीची कुठलीही गाडी असो, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टचा जो शेवटचा भाग कायम गुंडाळीत असतो तो धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही, गाळाची रेघ तिथे सापडते. सीटच्या खालच्या पट्ट्या, डॅशबोर्डखालचे स्क्रू, फ्यूज बॉक्स, सगळं टॉर्च लावून बघा. स्वतःला कळत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या आणि त्याला त्याचे पैसे द्या, फुकटात बघायला लावू नका.

आता वॅगनआरच का, तर बसायची उंची. नवीन माणसाला सगळ्यात मोठी भीती असते ती गाडी कुठे संपते हे न कळण्याची. यात उंच बसता, काचा मोठ्या, आणि रुंदी १६२० मिमी, त्यामुळे वळणावर समोरून एसटी आली तरी गडग्याला न घासता बाजूला घेता येते. रिव्हर्स सेन्सर आहेत. दुसरं कारण सेफ्टी. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या या मॉडेलला अगदी खालच्या व्हेरियंटपासून ड्रायव्हर एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आहे. ड्रायव्हर एअरबॅग सगळ्या नवीन गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत बऱ्याचदा ती नसतेच, आणि पावसात शेणामातीने निसरड्या झालेल्या रस्त्यावर नवीन ड्रायव्हर घाबरून ब्रेक दाबतोच, तेव्हा एबीएस पाहिजेच. पन्नास हजार वाचवायला जुनं मॉडेल घेऊ नका असं मी बहिणीला निक्षून सांगितलं. गाड्या आपटवून सेफ्टी तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०१९ च्या टेस्टमध्ये हिला पाचपैकी दोनच स्टार मिळाले, ते मला खटकतं, म्हणूनच स्पीड आणि सीटबेल्टबद्दल घरात कडक नियम आहे, मागे बसणाऱ्यांनासुद्धा.

बाकी अल्टो ८०० बघितली, खर्चाला एकदम हलकी आणि पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतात, पण बसायला खाली आणि ७९६ सीसीला एसी लावून चढ जड जातो. क्विडची जमिनीपासूनची उंची चांगली, १८० मिमी, पण ८०० सीसीमध्ये दम अल्टोएवढाच. २०१८ नंतरच्या सँट्रोचं चार सिलिंडरचं इंजिन सगळ्यात मऊ वाटलं, पण आमच्या बजेटात धड एकही मिळाली नाही.

ऑटोमॅटिक घ्यावी का हा प्रश्न सगळे विचारतात. वॅगनआरच्या ऑटोमॅटिकला, म्हणजे एजीएसला, हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आला २०२२ पासून, त्याआधीची चढावर ब्रेक सोडला की मागे सरकू शकते. आमच्या रस्त्यांना मॅन्युअलच बरी वाटली. फेरीबोटीचंच घ्या ना, ओहोटीला जेट्टीचा उतार ओला, शेवाळलेला, पुढची गाडी मधेच थांबते आणि मागे बाइकवाले चिकटलेले. बहिणीला हेच आधी रिकाम्या चढावर शिकवलं, हँडब्रेक ओढायचा, क्लच हळू सोडायचा, गाडीने जरा नाक उचललेलं जाणवलं की मग हँडब्रेक सोडायचा. आता ती न डगमगता चढवते. फेरीबोटीतून आलो की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, हे चुकवायचं नाही. घेताना क्लच तपासायचा तर चढावर मोठ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज वाढला पण गाडीने वेग घेतला नाही तर क्लच प्लेट संपत आली.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. पत्रा हलका आहे. हायवेला आडवा वारा आला की उंच गाडी डोलते. कुंभार्ली घाटात चार माणसं आणि एसी असला की सारखं दुसऱ्या गियरला यावं लागतं.

घेतल्यावर चार टायर, बॅटरी, ब्रेक पॅड आणि वायपर यात पंचवीस हजार गेले, ते बाजूला ठेवूनच भाव ठरवा. जुन्या टायरची नक्षी भरपूर होती, पण बाजूला २३१९ छापलेलं, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले, रबर कडक झालेलं. हा आकडा दाखवूनच भाव खाली आणला.

कागदांचं म्हणाल तर आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय बयाणा देऊ नका, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या, चलन बाकी आहे का ते बघा. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम आधीच विचारून घ्या.